करारावर सही करून शिका

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा ठराव झाला, ज्वारीच्या खरेदीचाही झाला. आता जो विषय आम्ही मांडणार आहोत तो ठरावाचा नाही, घरचा आहे. गावोगावच्या बैठका संपल्या, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, की कोणी तरी आम्हाला बाजूला घेतो आणि विचारतो, "साहेब, थोरला शेती पाहतो. धाकटा दहावी पास झाला. इंजिनाचा भारी नाद आहे त्याला. कुठं चिकटवता येईल का?"

आमचे उत्तर एकच असते. चिकटवता येत नाही, अर्ज करता येतो. चिकटवणे म्हणजे कोणाची तरी मेहरबानी. मेहरबानी ज्याने केली तो ती उभ्या जन्मात विसरू देत नाही. अर्ज करणे म्हणजे कायद्याने जे दार ठेवले आहे त्या दारातून आत जाणे. डिझेल मेकॅनिकच्या कामासाठी असे दार आहे. ते कुठे आहे आणि आत गेल्यावर काय मिळते, काय मिळत नाही, एवढेच आज सांगायचे आहे.

शेती सोडा असे सांगायला आलो नाही

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांची चळवळ आणि पोरांना गॅरेजात जायला सांगते? तर आधी ते स्पष्ट करू. शेतीमालाला रास्त भाव मिळाला पाहिजे ही मागणी कालही होती, आजही आहे आणि ती मिळेपर्यंत राहील. पण हिशेबाला लाजायचे कारण नाही. पाच एकर कोरडवाहू जमीन धरा. सगळा कापूस लावला आणि एकरी पाच क्विंटल आला असे धरा. म्हणजे 25 क्विंटल. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत 7521 रुपये होती. तोच भाव पदरात पडला असे समजू, जरी तो सगळ्यांच्या पदरात पडतोच असे नाही. ढोबळ आकडा झाला 1 लाख 88 हजार. आता यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, वाहतूक आणि सोसायटीचे व्याज तुम्ही स्वतःच वजा करा. जे उरेल त्याला दोन भावांनी भागा. ज्या वर्षी ऐन बोंडे भरायच्या वेळी पावसाने दडी मारली, त्या वर्षी भागायलाही काही उरत नाही.

तेव्हा प्रश्न शेती ठेवायची की सोडायची असा नाही. दोन मुलगे एकाच तुकड्यावर बसवले तर दोघेही बुडतात. एकाच्या हातात असा धंदा दिला की ज्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही, तर दुसऱ्याला शेती करायला बळ येते. घरात दर महिन्याला रोख पैसा आला तर पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या ओट्यावर जायची पाळी कमी येते.

आणि इंजिन काही आपल्याला परके नाही. विहिरीवरचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन आपल्या बापजाद्यांनी हँडल मारून सुरू केले आहे. ज्वारीची मळणी ट्रॅक्टरवर होते. कापसाच्या गाड्या जिनिंगला डिझेलवर जातात. डिझेल भरायचे आपण आणि दुरुस्तीची मजुरी द्यायची तालुक्याला, हे चालत आले आहे. ती मजुरी आपल्याच पोराने कमवायला काय हरकत आहे?

गॅरेजातली वाट

आज बहुतेक मुले हा धंदा कसा शिकतात? रस्त्याकडेच्या गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली राहतात. पहिले वर्ष डिझेलमध्ये भाग धुणे आणि चहा आणणे. दुसऱ्या वर्षी पाने देणे. तिसऱ्या वर्षी नट खोलणे. मग कधी तरी उस्ताद म्हणतो, "हेड तू बसव." या शिक्षणाला आम्ही नावे ठेवणार नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर मार खातो हे सांगणारे मिस्त्री आपल्या तालुक्यात आहेत. आम्ही शेतकी कॉलेजात इंजिनाची आकृती काढून गुण मिळवले, पण बंद पडलेले इंजिन चालू केले ते याच माणसांनी.

परंतु या वाटेत तीन उणिवा आहेत. पहिली, पगाराचा नेम नाही. दिला तर दिला. दुसरी, हाताला काही झाले, जॅक सुटून अंगावर गाडी आली, तर विचारणारे कोणी नाही. तिसरी, पाच वर्षे राबल्यावर हातात कागद नाही. एस.टी.मध्ये गेला, रेल्वेत गेला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला, तर पहिला प्रश्न येतो, सर्टिफिकेट आहे का? तिथे त्याची पाच वर्षे शून्य धरतात.

त्यात आता इंजिनही बदलले. 1 एप्रिल 2020 पासून नव्या ट्रक आणि बसना बीएस-6 चे नियम लागले. 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराच्या नियमांचा चौथा टप्पा 1 जानेवारी 2023 पासून लागला. अशा पुष्कळ इंजिनांत डिझेल किती आणि कधी सोडायचे हे आता सेन्सर आणि कंट्रोल युनिट ठरवते. तिथे पाना चालतो, पण पान्याच्या आधी यंत्र लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो. ते नुसत्या कानाने होत नाही, शिकावे लागते.

कायद्यातली वाट

1961 साली या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. इंग्रजीत अॅप्रेंटिस अॅक्ट म्हणतात तो हाच. मोठ्या आस्थापनांनी ठराविक संख्येने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत असे तो सांगतो. 2019 साली नियम बदलले, तेव्हापासून 30 किंवा अधिक माणसे कामावर असतील तर त्या आस्थापनेला ही सक्ती आहे. एकूण माणसांच्या किमान अडीच टक्के आणि जास्तीत जास्त 15 टक्के उमेदवार तिने घ्यायचे. म्हणजे तुमचा मुलगा दारात उभा राहतो तेव्हा तो भीक मागत नसतो. मालकावर जे बंधन आहे त्यातली एक जागा तो मागत असतो.

या वाटेला दोन फाटे आहेत.

पहिला फाटा आयटीआयचा. तिथे 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास पाहिजे. जवळचे आणखी दोन ट्रेड लक्षात ठेवा. 'मेकॅनिक मोटार व्हेईकल' दोन वर्षांचा आहे आणि ट्रॅक्टरचा वेगळा ट्रेड एक वर्षाचा आहे. प्रवेश दहावीच्या गुणांवर, गुणवत्ता यादीने होतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास प्रक्रिया सुरू होते. नेमका हाच आपला पेरणीचा काळ. बाप तिफणीमागे असतो आणि तारीख निघून जाते. दर वर्षी अशी कितीतरी मुले मागे राहतात. आयटीआय झाली की त्याच ट्रेडची शिकाऊ उमेदवारी साधारण एक वर्षाची करायची.

दुसरा फाटा थेट उमेदवारीचा. आयटीआय न करता दहावीवरही शिकाऊ उमेदवार होता येते. अशा मुलाला आधी मूलभूत प्रशिक्षण देतात आणि मग कामावर घालतात. पण जागा कमी असतात आणि बरेच मालक आयटीआयवाला मुलगा पसंत करतात. म्हणून ज्याला जमेल त्याने आधी आयटीआय करावी हे आमचे मत.

वयाची अट सोपी आहे. किमान 14 वर्षे पूर्ण पाहिजेत, धोक्याच्या उद्योगात 18. वरची मर्यादा ज्याची त्याची जाहिरात सांगते. मुलींना कायद्याने कुठेही मज्जाव नाही. रोटाव्हेटर लावून ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आपण पाहतो. त्यांच्या हातात पाना दिला तर नट ढिला राहत नाही.

अर्ज कुठे करायचा

आपल्या भागात पहिले नाव एस.टी.चे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. आज विभागाविभागात तिच्या कार्यशाळा आहेत, शिवाय दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. विभागीय कार्यालये वेळोवेळी शिकाऊ उमेदवारांची जाहिरात काढतात. दुसरे नाव रेल्वेचे. मध्य रेल्वे मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर या ठिकाणच्या जागा एकत्र जाहीर करते. तिथे लेखी परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून यादी लागते. वय साधारण 15 ते 24 मागतात. तिसरे, ट्रक आणि ट्रॅक्टर कंपन्यांचे कारखाने आणि मोठी सर्व्हिस सेंटरे. चौथे, साखर कारखाने आणि खाणी, जिथे डिझेलवर चालणारी यंत्रे रात्रंदिवस राबतात.

कुठेही अर्ज करायचा तरी आधी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नाव नोंदवावे लागते. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. नुसत्या मोबाइलवर ठेवला तर मोबाइल पाण्यात पडला की तो गेला.

इथे एक अडचण आमच्या सारखी पाहण्यात येते. आधारवर नाव एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. कुठे बापाचे नाव राहिले, कुठे जन्मतारीख चुकली. हे आज घरी गेल्यावर पेटी उघडून पाहा. जाहिरात आल्यावर दुरुस्ती करायला गेलात तर मुदत संपते. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेले पाहिजे. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयची गुणपत्रिका, जातीचा दाखला असेल तर तो, रहिवासाचा दाखला आणि फोटो, यांच्या प्रती एका पिशवीत तयार ठेवा. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी या कायद्यात राखीव जागा आहेत. दाखला वेळेवर नसला तर ती जागा हातची जाते.

काही ठिकाणी पोर्टलवर अर्ज करूनही छापील अर्ज कार्यालयात नेऊन द्यावा लागतो. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अर्ज दिल्यावर पोच घ्या. बाजार समितीत मापाची पावती घेतल्याशिवाय आपण माल सोडत नाही, तसेच इथे.

अर्जात आणि मुलाखतीत काय सांगायचे

खाजगी कंपनी अर्जाबरोबर चार ओळी लिहून मागते किंवा मुलाखत घेते. तिथे आपली मुले दबकतात. "मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला संधी द्यावी" असे लिहितात. गरिबी ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, पण ती इंजिन दुरुस्त करण्याची पात्रताही नाही. त्याऐवजी जे खरोखर केले ते लिहा. "घरच्या इंजिनाचे फिल्टर आणि ऑइल मी बदलतो. इंजिनाने हवा धरली तर पंपावरचा स्क्रू ढिला करून, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत हवा काढतो. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरबरोबर राहिलो आहे." ही तीन वाक्ये दहा विनवण्यांपेक्षा वजनदार आहेत.

मुलाखतीत साधेच विचारतात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो? कारण त्यात नुसती हवा 15 ते 22 पट दाबतात. त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. चार स्ट्रोक कोणते? हवा आत घेणे, दाबणे, जळून ढकलणे आणि धूर बाहेर टाकणे. धुराचा रंग काय सांगतो? काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर क्लीनर पाहावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले असतील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जाते आहे. यातले अर्धे आपल्या पोरांना विहिरीवर बसून माहीत असते. ते परीक्षेतही विचारतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जे येत नाही ते येत नाही म्हणावे. शिकाऊ उमेदवार शिकायलाच जातो. खोटे सांगितले तर पहिल्याच दिवशी पाना उघडे पाडतो.

करार वाचा

आता या भाषणातला मुख्य मुद्दा. शिकाऊ उमेदवारी कराराने होते. मालक आणि उमेदवार दोघे सही करतात. मुलगा अठराच्या आतला असला तर पालकाची सही लागते, म्हणजे तुमची. हा करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावा लागतो. नोंदलेला करार नसेल तर तो शिकाऊ उमेदवार नाही, तो स्वस्तातला मजूर आहे. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

करारात काय पाहायचे?

एक, ट्रेड. 'मेकॅनिक डिझेल' असे लिहिले आहे की दुसरेच काही? दोन, मुदत. कधी सुरू, कधी संपणार. तीन, विद्यावेतन. 2019 च्या नियमांनी दहावी पास उमेदवाराला महिन्याला किमान 6000 आणि आयटीआय झालेल्याला किमान 7000 रुपये ठरवले. हे आकडे सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून सही करताना त्या दिवशीचा किमान आकडा विचारून घ्या. मालक जास्त देऊ शकतो, कमी देऊ शकत नाही. चार, तारीख. महिन्याचे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत आपण चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने खेटे घातले. पोरावर ती पाळी येऊ देऊ नका.

कायदा आणखी काय देतो? उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. प्रशिक्षणासाठी गरज असेल तर सल्लागाराची मंजुरी लागते. कामावर इजा झाली तर मालकाने नुकसानभरपाई द्यायची असते. तक्रार असेल तर ती सल्लागाराकडे करता येते. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये याचे काम पाहणारे मूलभूत प्रशिक्षण तथा आनुषंगिक सूचना केंद्र असते. पाटी लांबलचक आहे, पण दार उघडे असते.

आणि हे दुहेरी आहे हेही ऐका. मालकाने करार मोडला तर तो भरपाई देणे लागतो. उमेदवाराने अर्ध्यावर सोडला तर प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून किंवा पालकाकडून मागता येतो. तेव्हा दिवाळीला घरी आलेल्या पोराला "आता वेचणीला थांब, नको जाऊ परत" असे म्हणण्याआधी करार आठवा.

शहरातली खोली, खानावळ आणि जाण्यायेण्याचे भाडे यात सात हजारांतले फारसे उरत नाही. विद्यावेतन ही कमाई नाही, शिकताना उपाशी राहू नये म्हणून ती सोय आहे. त्यातून घरी पैसे पाठव असा तगादा त्या वर्षी लावू नका. एक वर्ष त्याला शिकू द्या.

फसवणुकीच्या जागा

एजंट येतो. "साहेबांशी ओळख आहे, पन्नास हजार द्या, अॅप्रेंटिसला लावतो, मग परमनंट होईल." भावांनो, गुणांवर लागणाऱ्या यादीत एजंटाला काही करता येत नाही. तुमचा मुलगा स्वतःच्या गुणांनी लागला तर तो पैसे ठेवून घेतो, नाही लागला तर फोन बंद करतो. बैल विकून असे पैसे भरलेली घरे आपल्याला माहीत आहेत.

दुसरी जागा कारखान्याच्या दारातली. कंत्राटदार मुलांना 'ट्रेनी' म्हणून भरतो आणि वर्षभर खोकी उचलायला लावतो. त्याला तीनच प्रश्न विचारा. नोंदलेला करार कुठे आहे? ट्रेड कोणता? शेवटी परीक्षा कोणती? तिन्हींचे उत्तर मिळाले नाही तर परत या.

तिसरे, नावांचा घोटाळा. 2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. ती योजना वेगळी आणि 1961 च्या कायद्याखालची उमेदवारी वेगळी. एकीचा दाखला दुसरीच्या जागी चालेल असे गृहीत धरू नका.

पुढे काय

उमेदवारी संपल्यावर अखिल भारतीय परीक्षा होते. ती पास झाली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नोकरी मिळते का? स्पष्ट सांगतो, हक्काने मिळत नाही. कायदाच सांगतो की उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, आणि मालकावर त्याला नोकरी देण्याचे बंधन नाही. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र सगळेच वाऱ्यावर सोडलेले नाही. उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळातल्या शिकाऊ उमेदवारांनी कोर्टात दाद मागितली होती. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उमेदवारीने नोकरीचा हक्क येत नाही, पण बाकी पात्रता सारखी असेल तर बाहेरच्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे. रेल्वेने आपल्या कारखान्यांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तराच्या भरतीत 20 टक्के जागा ठेवल्या. म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवा आणि भरतीच्या अर्जात त्याचा उल्लेख करायला विसरू नका.

कोणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या येतात, डिझेल किती दिवस? प्रश्न रास्त आहे. 1 जून 2022 रोजी एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावरच निघाली. विहिरीवर सौर पंप येत आहेत. विहिरीवरच्या इंजिनाचे दिवस कमी होत आहेत हे खरे. पण ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जेसीबी, मालाचे ट्रक आणि जनरेटर आज डिझेलवर आहेत, आणि आज विकलेला ट्रॅक्टर पुढची कित्येक वर्षे दुरुस्तीला येणार आहे. शिवाय जो मुलगा मायक्रोमीटर धरायला, गिअरबॉक्स आणि ब्रेक उतरवायला, वायरिंग वाचायला शिकला, त्याचा हात दुसऱ्या यंत्रावरही बसतो. एकच गोष्ट त्याने पाळावी. वायरिंग आणि सेन्सरचे काम आले की मागे सरू नये. पुढची मजुरी तिथे आहे.

नोकरी नाही लागली तर? तालुक्याच्या रस्त्यावर स्वतःचे दुकान. आणि इथे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये कर्जापायी काय जप्त करता येत नाही याची यादी आहे. शेतकऱ्याची अवजारे, शेतीला लागणारी जनावरे आणि बियाणे त्या यादीत आहेत. त्यांच्याच ओळीत कारागिराची हत्यारेही आहेत. कायदा करणाऱ्यांनाही कळत होते की माणसाच्या हातातले साधन काढून घेतले तर तो कर्जही फेडू शकत नाही आणि पोटही भरू शकत नाही. नांगर आणि पाना यांना कायद्याने शेजारी बसवले आहे. आपल्या घरातही ते शेजारी बसायला हवेत.

आता आपण काय करायचे

प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. एप्रिल महिन्यात, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आधी, त्यांनी गावातल्या दहावीला बसलेल्या मुलामुलींची यादी करावी. आधार आणि शाळेचा दाखला यांतली नावे जुळतात का ते पाहावे. निकाल लागला की ज्यांना यंत्राची आवड आहे त्यांचे आयटीआयचे अर्ज एकत्र बसून भरावेत. आयटीआय पूर्ण झालेल्या मुलांची दुसरी यादी करावी आणि एस.टी.ची, रेल्वेची जाहिरात आली की ती त्याच दिवशी गावच्या पारावर वाचून दाखवावी. सही करण्याआधी प्रत्येक करार आपल्यापैकी एकाने मोठ्याने वाचावा. बापाला वाचता येत नसेल तर त्याच्यासमोर वाचावा.

याला सरकारी अनुदान लागत नाही, मंत्र्याची चिठ्ठी लागत नाही. भाव मागताना आपण भीक मागत नाही, घामाचे दाम मागतो असे म्हणत आलो. पोरासाठी जागा मागतानाही तीच ताठ मान ठेवा. ज्या तालुक्यांची नावे ठरली असतील त्यांनी जाण्याआधी इथे टेबलावर नोंदवावीत. पुढच्या बैठकीत किती अर्ज गेले आणि किती करार झाले, याचा हिशेब आम्ही मागणार आहोत.